मृत्यूची अर्धी व्याख्या आणि अ‍ॅरिस्टॉटलची करवत

भारतीय दंड संहितेच्या ४६व्या कलमात मृत्यूची व्याख्या होती. संदर्भ वेगळं काही सांगत नसेल तर ‘मृत्यू’ म्हणजे मनुष्याचा मृत्यू, एवढीच. १८६० साली लिहिलेली ही संहिता २०२४च्या जूनअखेरपर्यंत लागू होती आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनंही ही व्याख्या जवळपास जशीच्या तशी उचलली. कलमाचा हेतू तांत्रिक आहे, जनावराचा मृत्यू त्यात धरला जाऊ नये एवढ्यापुरता; त्यामुळे त्याला हसणं थोडं अन्यायाचं होईल. पण खून, सदोष मनुष्यवध, हयगयीनं झालेला मृत्यू हे सगळे गुन्हे ज्या एका घटनेवर उभे आहेत ती घटना म्हणजे नेमकं काय, हे फौजदारी कायद्यानं दीडशेहून अधिक वर्षं सांगितलेलं नाही, हेही तितकंच खरं.

इतर दोन कायद्यांनी सांगायचा प्रयत्न केला. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा म्हणतो की, जिवंत जन्म झाल्यानंतर केव्हाही जीविताच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं म्हणजे मृत्यू. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा हेच शब्द घेतो आणि पुढे जोड देतो: या खुणा हृदय व श्वसन थांबल्यामुळे जातील, किंवा मेंदूस्तंभाच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि श्वास व जागेपण सांभाळणाऱ्या भागाच्या, मृत्यूमुळे. मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे मेंदूस्तंभाची सगळी कार्यं कायमची, परत न येण्यासारखी थांबणं. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, ठरलेला नमुना, सह्या.

आता अतिदक्षता विभागातली एक खाट घ्या. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस, व्हेंटिलेटरवर. मंडळानं दोन्ही तपासण्या केल्या, सह्या झाल्या. नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला की हा माणूस कायद्यानं मृत. अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय समन्वय केंद्राला फोन जातो आणि पुढची यंत्रणा धावू लागते. नकार दिला की त्याच खाटेवरच्या त्याच माणसाचं काय करायचं, यावर देशपातळीवरचा कायदा गप्प. व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात, बिल वाढत राहतं आणि शेवटी हृदय थांबेपर्यंत सगळे वाट पाहतात. केरळ सरकारनं २०२० साली अवयवदानाशी संबंध न जोडता मेंदूस्तंभमृत्यू ठरवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कोंडीतून.

बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, “ब्रेनडेड म्हणजे कोमातच ना? छाती तर हलतेय.” हा प्रश्न आला की जनजागृती कमी पडते असा निष्कर्ष काढायची आपल्याकडे रीत आहे. मला तो पटत नाही. त्या माणसाला कायद्यानं दिलेलं उत्तरच अर्धं आहे, आणि अर्ध्या उत्तरावर त्यानं काढलेली शंका पूर्ण रास्त आहे. मेंदूस्तंभ थांबला हे त्याला सांगितलं जातं. मेंदूस्तंभ थांबला म्हणजे *माणूस* मेला असं का समजायचं, हे कुणीच सांगत नाही, कारण कायद्यात ते कुठेच लिहिलेलं नाही.

व्याख्या अशी अर्धी कशी राहते, याचा सगळ्यात बारीक तपास इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्समध्ये झाला. आजच्या प्रश्नासाठी इतकं मागे जाणं काहींना हौसेचं वाटेल. पण आपण ज्या खड्ड्यात पडलो आहोत त्याची लांबी-रुंदी त्या लोकांनी मोजून ठेवली आहे, आणि ती मापं अजून उपयोगी पडतात.

सुरुवात चिखलापासून करू. प्लेटोच्या ‘थीएटेटस’ या संवादात सॉक्रेटिस एका तरुण गणितज्ञाला विचारतो, ज्ञान म्हणजे काय? पोरगा यादी देतो: भूमिती, चांभारकाम, इतर कारागिरी. सॉक्रेटिस म्हणतो, एक मागितलं आणि तू ढीगभर दिलंस. कुणी चिखल म्हणजे काय असं विचारलं आणि आपण कुंभाराचा चिखल, भट्टी बांधणाऱ्याचा चिखल, विटा पाडणाऱ्याचा चिखल असं मोजत बसलो तर हसंच होईल. सरळ सांगावं: ओलाव्यात कालवलेली माती म्हणजे चिखल. कुणाचा, हा प्रश्नच नाही.

हा उतारा यादी आणि व्याख्या यांतला फरक शिकवण्यासाठी वर्गात वापरतात, आणि तेवढ्यावर थांबतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सॉक्रेटिसनं दिलेलं उत्तर निव्वळ द्रव्याचं आहे: माती अधिक पाणी. त्यात आकार नाही, प्रयोजन नाही. आणि चिखलाला ते पुरतंही. पण हाच सॉक्रेटिस ‘युथिफ्रो’मध्ये पावित्र्याची व्याख्या मागतो तेव्हा त्याला हवं असतं ते एकच रूप, ज्याच्यामुळे सगळी पवित्र कृत्यं पवित्र ठरतात. तिथे कशापासून बनलंय याची चौकशी नाही. म्हणजे कुठल्या वस्तूची व्याख्या द्रव्यानं होते, कुठल्या वस्तूची रूपानं, आणि हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न प्लेटोच्या लिखाणात उघडाच पडून आहे. त्याचा स्वतःचा ओढा कुठे होता हे सांगायला नको. त्याच्या अकादमीत वर्गवारी करत करत व्याख्या गाठायची पद्धत रुजली, आणि तिची टिंगलही झाली. माणूस म्हणजे बिनपिसांचा द्विपाद प्राणी, असं ठरल्यावर डायोजिनीस या फटकळ तत्त्वज्ञानं पिसं उपटलेला कोंबडा आणून सोडला, “हा घ्या प्लेटोचा माणूस”. मग व्याख्येत ‘रुंद नखांचा’ अशी भर पडली. ही कथा सांगणारा लेखक पाचशेहून अधिक वर्षांनंतरचा, त्यामुळे ती बाजारगप्पही असेल. आपल्या नैयायिकांनी त्या कोंबड्याकडे पाहून शांतपणे ‘अतिव्याप्ती’ (व्याख्येत नको ते शिरणं) म्हटलं असतं आणि पुढे गेले असते.

अ‍ॅरिस्टॉटल या अकादमीत सतराव्या वर्षी आला आणि वीसेक वर्षं राहिला. बाप वैद्य, मॅसिडोनियाच्या राजाचा. पुढे लेस्बॉस बेटावर त्यानं मासे, शिंपले, गोगलगायी उघडून पाहिल्या. रूपाचं शास्त्र शिकलेला आणि हात रक्तानं माखून घेतलेला, असा हा दुर्मीळ माणूस. द्रव्य आणि रूप यांच्या भांडणात त्याचं मत म्हणूनच ऐकण्यासारखं.

त्याच्यासमोर दोन टोकं होती. एका टोकाला अणुवादी तत्त्वज्ञ डेमॉक्रिटस. तो म्हणे की, माणूस म्हणजे काय हे सगळ्यांना दिसतंच, आकारावरून आणि रंगावरून. ‘प्राण्यांचे अवयव’ या ग्रंथाच्या आरंभी अ‍ॅरिस्टॉटल याला एका वाक्यात उत्तर देतो: प्रेताचा आकारही तोच असतो, तरी ते माणूस नाही. ब्राँझचा हात, लाकडाचा हात हा नावापुरता हात. चित्रातला वैद्य जसा नावापुरता वैद्य. हाताचं काम करू शकतो तो हात. त्याच टोकाला थोडा वेगळा उभा होता अँटिफॉन, ज्याची युक्ती ‘फिजिक्स’मध्ये नोंदली आहे. पलंग जमिनीत पुरा. कुजून त्याला कोंब फुटलाच तर पलंग उगवणार नाही, लाकूड उगवेल. तेव्हा पलंगाचं खरं स्वरूप लाकूड, पलंगपण वरवरचं. युक्तिवाद चलाख आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा टोला तितकाच साधा: पलंगातून पलंग होत नसेल, माणसापासून मात्र माणूसच होतो.

दुसऱ्या टोकाला त्याचे स्वतःचे गुरुबंधू. त्यांतला एक सॉक्रेटिसचाच नावबंधू, धाकटा सॉक्रेटिस, प्लेटोच्या ‘स्टेट्समन’ संवादात जो उत्तरं देत बसतो तो. याची एक लाडकी तुलना होती. वर्तुळ ब्राँझमध्ये असेल, दगडात असेल, लाकडात असेल. वर्तुळाच्या व्याख्येत ब्राँझ येत नाही. तसंच माणसाचं. मांस-हाडं हे आपलं नेहमीचं साहित्य, पण माणूसपण त्याच्याविनाही असू शकेल. अ‍ॅरिस्टॉटल ‘मेटाफिजिक्स’च्या सातव्या पुस्तकात या तुलनेवर थांबतो. आधी तिचं म्हणणं तो प्रामाणिकपणे मांडतो, कदाचित धाकट्या सॉक्रेटिसपेक्षा जास्त चांगलं. समजा, जगात आपण पाहिलेली झाडून सगळी वर्तुळं ब्राँझचीच असती. तरी ब्राँझ हा वर्तुळाचा भाग झाला नसता. फक्त मनातल्या मनात तो वेगळा काढणं अवघड गेलं असतं. माणूस नेहमी मांसाहाडांतच दिसतो, तेव्हा इथेही आपली तीच पंचाईत होत असेल का? एवढं मान्य करून तो म्हणतो की नाही, ही तुलना सत्यापासून दूर नेते. काही गोष्टी ‘यात हे’ अशाच असतात. अमुक द्रव्यात अमुक रूप. प्राणी संवेदनाशील असतो, त्याची व्याख्या हालचालीशिवाय होत नाही, म्हणून विशिष्ट अवस्थेतल्या अवयवांशिवायही होत नाही.

याचं त्याचं आवडतं उदाहरण म्हणजे बसकं नाक. खोलगटपणा ही भूमितीची गोष्ट. ती कशाचीही असू शकते. बसकेपणा मात्र नाकाचाच. नाक वगळून तुम्ही बसकेपणाची व्याख्या करूच शकत नाही. निसर्गातल्या सगळ्या वस्तू बसक्या नाकासारख्या आहेत, असं तो पुन्हा पुन्हा बजावतो. सॉक्रेटिसचं नाक बसकं होतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, तेव्हा वर्गात हशा पिकत असणार.

इथे एक अडचण कबूल करायला हवी, कारण अ‍ॅरिस्टॉटलच्या अभ्यासकांत ती आजही पेटती आहे. त्याच सातव्या पुस्तकात काही ओळींनंतर तो असंही म्हणतो की, द्रव्यासकट घेतलेल्या वस्तूची व्याख्या होत नाही, कारण द्रव्य अनिश्चित असतं, व्याख्या रूपाचीच. मग द्रव्य व्याख्येत आहे की नाही? मला जुळतं वाटणारं उत्तर असं: *हे* मांस, *ही* हाडं, अमक्या माणसाची, ही व्याख्येत येत नाहीत. ‘अशा-अशा प्रकारचं मांस, अशा-अशा प्रकारची हाडं’ येतात. सुताराकडच्या या फळीचा पलंगाच्या व्याख्येशी संबंध नाही, पण वजन पेलणारं काहीतरी लागतं हे पलंगाच्या व्याख्येतच आहे. हे वाचन सर्वमान्य नाही. पण याशिवाय बसकं नाक आणि धाकट्या सॉक्रेटिसवरची टीका या दोन्हींचा अर्थच लागत नाही.

आता मुख्य उतारा. ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो विचारतो, राग म्हणजे काय? तार्किक सांगेल: उलट दुखावण्याची इच्छा, किंवा तसंच काही. निसर्गाभ्यासक सांगेल: हृदयाभोवतीच्या रक्ताचं आणि उष्णतेचं उसळणं. एक रूप सांगतो, दुसरा द्रव्य. लगेच घराचं उदाहरण. घर म्हणजे वारा, पाऊस आणि ऊन यांपासून होणारा नाश टाळणारं आच्छादन, ही एक व्याख्या. घर म्हणजे दगड, विटा, लाकूड, ही दुसरी. आणि तिसरा एकजण म्हणेल: *या* कारणासाठी *या* वस्तूंत आलेलं *हे* रूप. या तिघांत निसर्गाचा खरा अभ्यासक कोण? द्रव्यापुरतं बोलणारा, रूपापुरतं बोलणारा, की दोन्ही जोडणारा? तिसरा, असा त्याचा कल आहे. ‘मेटाफिजिक्स’च्या आठव्या पुस्तकात तीच तीन घरं पुन्हा येतात: विटांवर थांबणारा *होऊ शकणारं* घर सांगतो, निवाऱ्यावर थांबणारा *असलेलं* घर सांगतो, आणि तिसरा दोन्ही मिळून.

वरवर पाहता हा सौम्य तडजोडीचा सल्ला वाटतो, थोडं हे घ्या थोडं ते घ्या. तसा असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. तिसऱ्या व्याख्येत खरा जोर आहे तो ‘साठी’ या शब्दावर, आणि तो कसा चालतो हे ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी दिसतं. तिथे करवत आहे. करवत अशी का? अमुक काम व्हावं म्हणून. करवतणं म्हणजे अमुक तऱ्हेनं चिरणं. तसं चिरायचं तर अशा-अशा दातांशिवाय होणार नाही. आणि तसे दात लोखंडाशिवाय होणार नाहीत. म्हणून लोखंड. लोकरीची करवत होत नाही, लाकडाचीही नाही, असं तो दुसरीकडे म्हणतो. कामातून दात निघतात, दातांतून लोखंड. लोखंड व्याख्येत येतं, पण स्वतःच्या पायांनी नाही; कामानं त्याला बोलावलं म्हणून येतं. व्याख्येतही काही भाग व्याख्येच्या द्रव्यासारखे असतात, या वाक्यानं ते पुस्तक संपतं.

या क्रमाचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. एक, द्रव्य सांगून ‘का’ न सांगणारी व्याख्या ही दुकानातल्या सामानाची यादी असते. दुसरा परिणाम क्वचित लक्षात घेतला जातो: द्रव्याचा भाग चुकला तर तो दुरुस्त करता येतो आणि व्याख्या मोडत नाही. लोखंडापेक्षा चांगलं पोलाद मिळालं तर करवतीचं काम तेच राहतं, दात तेच मागतात, फक्त साखळीची शेवटची कडी बदलते.

अ‍ॅरिस्टॉटल स्वतःच याचा पुरावा आहे, आणि तो त्याच्या एका ठळक चुकीतून मिळतो. जीवनाचं केंद्र हृदय असं तो मानी. प्राण्यात पहिल्यांदा जिवंत होतं ते हृदय, शेवटी थांबतं तेही हृदय. मेंदू त्याच्या मते रक्त थंड करणारा अवयव. (गुरूनं ‘टिमेअस’मध्ये विचारशक्ती डोक्यात ठेवली होती, हात रक्तानं माखलेला शिष्य इथे घसरला आणि न माखलेला गुरू बरोबर निघाला, याची मला नेहमी गंमत वाटते.) त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांतच अलेक्झांड्रियात हेरोफिलस या वैद्यानं मानवी प्रेतं उघडली, मज्जातंतू ओळखले आणि सूत्रं मेंदूकडे दिली. म्हणून अ‍ॅरिस्टॉटलची ‘जीव म्हणजे शरीराची काम करण्याची क्षमता’ ही मांडणी कोसळली का? नाही. फक्त लोखंडाच्या जागी पोलाद आलं.

आता आपल्या कायद्याकडे या चष्म्यातून पाहा. ‘जीविताच्या सर्व खुणा नाहीशा होणं’ ही तार्किकाची व्याख्या आहे, तीही पोकळ, कारण जीवित म्हणजे काय हे ती सांगत नाही. ‘मेंदूस्तंभाची कार्यं थांबणं’ ही निसर्गाभ्यासकाची व्याख्या आहे, अगदी काटेकोर. १९९४च्या कायद्यानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि मध्ये ‘मुळे’ एवढा शब्द घातला. मेंदूस्तंभाच्या मृत्यू*मुळे* सर्व खुणा नाहीशा. पण सर्व खुणा नाहीशा झालेल्या नसतात! हृदय चालू असतं, अंग गरम असतं, लघवी होत असते. बाकावरचा नातेवाईक नेमकं याच जागी बोट ठेवतो. तिसरा माणूस, कामापासून द्रव्यापर्यंत साखळी जोडणारा, आपल्या कायद्यात आलेलाच नाही.

हे काही अटळ नव्हतं. ब्रिटनमध्ये वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं २००८ साली काढलेली संहिता पाहा. ती म्हणते: मृत्यू म्हणजे जाणिवेची क्षमता आणि त्यासोबत श्वास घेण्याची क्षमता परत न येण्यासारखी गमावणं. मग पुढे म्हणते की, मेंदूस्तंभाचं कार्य कायमचं थांबलं की ही अवस्था येते. आधी काम, मग ते काम ज्याच्याविना होत नाही तो अवयव. ही करवतीचीच चाल आहे. आपण ब्रिटिश धर्तीची मेंदूस्तंभाची कसोटी कायद्यात आणली. तिच्या आधी यायला हवं असलेलं वाक्य आपण कधी लिहिलंच नाही.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली आणि तिथली अडखळ जास्त शिकवणारी आहे. १९६८ साली हार्वर्डच्या समितीनं मेंदूमृत्यूच्या कसोट्या मांडल्या. नव्या व्याख्येची गरज सांगताना तिनं दोन कारणं दिली, कुटुंबांवर-रुग्णालयांवर पडणारा भार आणि प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना होणारे वाद. माणूस मेला असं *का* म्हणायचं, हे त्यात नव्हतं. ते कारण नंतर शोधलं गेलं: मेंदू शरीराचा समन्वयक आहे, तो गेला की शरीर एकसंध राहत नाही. मग १९९८ साली अ‍ॅलन श्यूमन या मेंदूतज्ज्ञानं मेंदूमृत ठरवलेल्या रुग्णांची शरीरं आठवडे, महिने आणि काही वेळा वर्षानुवर्षं टिकल्याची प्रकरणं गोळा करून मांडली. जखमा भरत होत्या, अन्न पचत होतं, मूल वाढत होतं. समन्वयाचा आधार डळमळला. २००८ साली राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीतिविषयक परिषदेनं तो सोडून दिला आणि सजीवाचं मूलभूत *काम* कोणतं, असा प्रश्न घातला: भोवतालच्या जगाशी स्वतःहून देवाणघेवाण करणं, ज्याची सर्वांत उघड खूण म्हणजे श्वास घेण्याची आतली ओढ. चाळीस वर्षांनी गाडी करवतीपाशी येऊन थांबली.

इथे माझ्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा येतो, आणि तो अ‍ॅरिस्टॉटलच्याच तोंडून. त्याच्या लेखी जीवनाची सर्वांत खालची पायरी म्हणजे पोषण आणि वाढ. वनस्पती एवढ्यावर जगते. मग ज्या शरीरात अन्न पचतंय, जखम भरतेय, ते त्याच्या हिशेबानं जिवंतच की! या युक्तिवादाला मी हलकं मानत नाही. अ‍ॅरिस्टॉटलचे अभ्यासक जे. एल. अ‍ॅकरिल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलेली एक गाठ त्याला आणखी घट्ट करते: ब्राँझ पुतळ्याआधीही असतं आणि पुतळा वितळल्यावरही असतं, पण अ‍ॅरिस्टॉटलच्या मते निर्जीव शरीर हे शरीरच नाही, नुसतं नावापुरतं. मग द्रव्य रूपापासून वेगळं दाखवायचं तरी कसं? व्हेंटिलेटरनं ही पुस्तकी गाठ खाटेवर आणून ठेवली. तिथे पडलेलं शरीर हे शरीर आहे की नावापुरतं शरीर?

माझं उत्तर असं. निसर्गातल्या वस्तूची खूण म्हणून अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की, तिच्या हालचालीचं मूळ तिच्या आत असतं. झाड पोषण घेतं ते स्वतःहून. त्या खाटेवरचा श्वास भिंतीतल्या प्लगमधून येतो. तो बंद केला की पोषण, पचन, जखम भरणं सगळं काही मिनिटांत संपतं, आणि श्वासाअभावी कर्बवायू वाढला तरी आतून एकही धडपड उठत नाही. तपासणीतली श्वासचाचणी नेमकं हेच पाहते. जिवंत पण पंगू माणूस व्हेंटिलेटरवर असतो तेव्हा त्याला निदान हवेची भूक असते किंवा जाणीव असते. इथे दोन्ही गेलेलं आहे. मला हे पुरेसं वाटतं. एखाद्याला वाटणार नाही. हृदय स्वतःच्याच लयीत धडधडतंय, ते आतलं मूळ नव्हे का, असं तो विचारेल आणि माझ्याकडे त्याला गप्प करणारं उत्तर नाही. पण आमचा वाद निदान योग्य जागी होईल, कोणतं काम गेलं म्हणजे माणूस गेला यावर. आज तो मेंदूस्तंभ हा शब्द नातेवाइकांना कळला की नाही यावर होतो.

उलट दिशेची घसरणही रोखायला हवी. धाकटा सॉक्रेटिस आजही आहे. माणूस म्हणजे जाणीव, जाणीव गेली की माणूस गेला, मेंदूस्तंभ चालू असो-नसो, असं म्हणणारे तत्त्वज्ञ पाश्चात्त्य विद्यापीठांत काही दशकं लिहीत आहेत. व्याख्या स्वच्छ आहे, वर्तुळाइतकी. तिच्या हिशेबानं मुंबईच्या केईएम रुग्णालयात चाळीसहून अधिक वर्षं अंथरुणावर काढलेली परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालीच मृत ठरण्याचा धोका होता. तिच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं ती मेंदूमृत नाही, ती जिवंत आहे, असं स्पष्ट सांगितलं. ती स्वतः श्वास घेत होती, तिच्या सहकारी परिचारिका तिला भरवत होत्या. ‘यात हे’ याचा अर्थ तिथे कळतो: जाणिवेची व्याख्या करताना श्वास घेणारं, गिळणारं शरीर वगळलं की जिवंत माणसं गणतीतून सुटतात.

मग करायचं काय? एक, मृत्यूची व्याख्या अवयवदानाच्या कायद्यातून बाहेर काढून सगळ्या कायद्यांसाठी एकच करावी. दानाला होकार दिला तर मृत आणि नकार दिला तर अनिश्चित, हे कुठल्याही व्याख्येत बसत नाही. जपाननं १९९७च्या कायद्यात अशी सोय मुद्दाम ठेवली होती, न्यू जर्सीनं १९९१ साली धार्मिक आक्षेपासाठी अपवाद ठेवला. दोन्हींमागे समाजाला न दुखावण्याची समजूतदार इच्छा होती हे मान्य. पण आक्षेप असलेल्या कुटुंबाला वेळ देता येतो, व्हेंटिलेटर आणखी काही काळ चालू ठेवता येतो. त्यासाठी माणूस मेला की नाही हे संमतिपत्रावर सोडायची गरज नाही. दोन, व्याख्येचं पहिलं वाक्य कामाचं असावं: जाणिवेची आणि स्वतःहून श्वास घेण्याची क्षमता कायमची जाणं. दुसरं वाक्य द्रव्याचं, पहिल्याशी ‘म्हणून’नं बांधलेलं: हे मेंदूस्तंभाचं कार्य परत न येण्यासारखं थांबल्यानं होतं, मग ते थेट इजेमुळे थांबो की रक्ताभिसरण बंद पडल्यामुळे. हृदय थांबून आलेला मृत्यू आणि मेंदूमृत्यू ही मग दोन वेगळी मरणं राहत नाहीत. एकाच कामाच्या अंताच्या दोन वाटा होतात. चाचण्या नियमांत असाव्यात, कायद्यात नव्हे, म्हणजे उद्या अधिक अचूक तपासणी आली तर संसदेकडे धावावं लागणार नाही.

पहिल्या वाक्यावर भांडण होईल. ते डॉक्टरांचं वाक्य नाही, त्यावर वारकऱ्यांपासून मौलवींपर्यंत आणि वकिलांपासून परिचारिकांपर्यंत सगळ्यांचा हक्क आहे. दुसरं वाक्य डॉक्टरांचं, तिथे मतदान चालत नाही. आज दोन्ही वाक्यं एकत्र कालवल्यामुळे पहिल्यावर बोलायची कुणाची हिंमत होत नाही आणि दुसऱ्यावर सगळेच शंका घेतात.

हे सुरू करायला दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे १९९४चा कायदा संसदेला करता आला तोच मुळी राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२खाली, महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले म्हणून. त्याच अनुच्छेदाखाली याच विधिमंडळांना आता व्याख्येच्या दुरुस्तीसाठी ठराव करता येईल, आणि ठरावाच्या मसुद्यात वरची दोन वाक्यं त्याच क्रमानं घालता येतील.